औषध म्हणूनसुद्धा नको

शाकाहार मंडळाची चिटणीस, आणि आडनाव वाघमारे. हसून घ्या आधी. आदिलाबादेत या गोष्टीवर न हसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आताशा ओळख करून देताना मी आडनावानंतर जरा थांबतेच, समोरच्याला हसायला वेळ देते आणि मग कामाचं बोलते.

पगाराची नोकरी माझी मंडल ऑफिसातली, म्हणजे तुमच्याकडच्या तहसील कचेरीतली. सीनियर असिस्टंट म्हणून निवृत्त झाले. दिवाळी अंकासाठी त्या नोकरीबद्दल लिहा, असं मला सांगितलं होतं. मी लिहायला बसलेही. पण काय गंमत आहे बघा, एवढ्या वर्षांच्या फायली डोळ्यांपुढे आणायला गेलं की सगळ्या एकसारख्याच दिसतात, धुक्यात उभ्या असलेल्या झाडांसारख्या. स्पष्ट दिसते ती निवृत्तीनंतरची बिनपगारी खोली. म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

ही खोली म्हणजे सरकी-ढेपेच्या दुकानावरचा माळा. एक टेबल, एक कपाट, चार खुर्च्या, एक सतरंजी आणि पश्चिमेला खिडकी. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडून बारीक तंतू उडत येतात आणि दुपारच्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहतात. खाली बसायचं नावच घेत नाहीत. खालून ढेपेचा गोडसर वास येतो. अशा दुपारी रजिस्टर उघडून बसलं की आपण जागे आहोत की डोळा लागलाय, हे माझं मलाच सांगता येत नाही. पुष्कळ माणसं या खोलीत अशी आली की नंतर वाटावं, खरंच आली होती का? मग मी रजिस्टर बघते. नोंद सापडली की समाधान होतं.

लोक विचारतात, शाकाहार मंडळात ऑफिसचं काम ते काय असणार? भाज्या निवडता का? अहो, जिथं चार माणसं जमली तिथं कागद आलाच. सभासदांचा अर्ज, त्याची छाननी, रजिस्टर, फोटोचं ओळखपत्र, सभेची नोटीस, सभेचं इतिवृत्त. शाळेत कार्यक्रम करायचा तर हेडमास्तरांना पत्र तेलुगूतून, गावात करायचा तर सरपंचाला मराठीतून, आणि भोंगा लावायचा तर पोलिसांना दोन्हीतून. आमच्याकडचे जुने लोक अजून अर्जाला दरखास्त म्हणतात आणि फायलीला मिसल. निजामाच्या वेळचे शब्द आहेत, मलाही तेच जवळचे वाटतात. आणि ही सगळी कामं कोणाकडून करून घ्यायची? स्वयंसेवकांकडून! स्वयंसेवक हा फार अवघड प्राणी असतो. ऑफिसात चपराशी आला नाही तर मेमो काढता येतो. स्वयंसेवक आला नाही तर त्याच्या घरी जाऊन चहा प्यावा लागतो.

मी चिटणीस कशी झाले, तेही एकदा सांगून टाकते. मंडळ सुरू झालं तेव्हा अध्यक्ष नामदेवभाऊंनी मला नुसता अर्जाचा मसुदा करायला बोलावलं होतं. नामदेवभाऊ जैनथकडचे कापूसवाले, गळ्यात माळ, उंच, बोलायला भोळे आणि आतून हुशार. मी मसुदा केला आणि अर्ज कसा भरायचा हे कळावं म्हणून एक नमुना भरून दिला. नमुन्यात नाव कोणाचं घालणार? माझंच घातलं. ‘मांसाहार सोडल्याची तारीख’ या रकान्यात त्या दिवशीची तारीख टाकली. नमुना तो नमुना. नामदेवभाऊंनी गठ्ठ्याबरोबर त्याच्यावरही सही ठोकली, शिक्का मारला आणि पुढच्या आठवड्यात माझ्या हातात माझंच ओळखपत्र ठेवलं.

“मॅडम, तुमी बी सोडलं? लय मोठं काम केलं बाप्पा!”

आता काय बोलणार? आदल्याच रविवारी आमच्या घरी वाम मासा झाला होता आणि तो मीच केला होता. पण माझा स्वभाव कारकुनाचा. कागदावर चढलं, शिक्का बसला, तर ते निभावलंच पाहिजे. त्या दिवसापासून सोडलं ते आजपर्यंत. यजमान अजून आणतात, त्यांची कढई त्यांचे ते घासतात. पुढं ही गोष्ट मी सभेत सांगितली तेव्हा लोक इतके हसले की खालचा दुकानदार वर बघायला आला.

गडबडीही केल्या. तामसीकडच्या एका गावात कार्यक्रमाचं पत्रक तेलुगूतून काढलं. माझं तेलुगू ऑफिसातलं, नोटिशीचं. जेवणाच्या ओळीत ‘भाकरी-भाजी’ लिहायचं होतं, मी लिहिलं ‘जोन्न रोट्टे, कूर’. कूर म्हणजे भाजी, पुस्तकात तसंच आहे. पण आमच्या भागात घराघरातून कूर म्हटलं की लोक मटण समजतात. झालं! शाकाहाराच्या कार्यक्रमाला एवढी गर्दी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही. लांबलांबून माणसं आली. पंगत बसली, वांग्याची भाजी वाढली गेली. एका म्हाताऱ्यानं वाटीतलं वांगं बोटानं इकडून तिकडे केलं, खाली काही आहे का ते पाहिलं आणि अतिशय दुःखी आवाजात मला विचारलं, “कूर एदी, अम्मा?” मटण कुठं आहे, बाई? मी त्याला दुसऱ्यांदा वांगं वाढलं. दुसरं होतं काय माझ्याजवळ?

एक गृहस्थ तर मुलीचा दाखला मागायला आले. तिचं लग्न ठरत होतं, वरपक्षाला ‘मुलगी शाकाहारी आहे’ असं मंडळाच्या शिक्क्यानिशी लिहून पाहिजे होतं. मी म्हटलं, मुलीलाच विचारा म्हणावं, तिला तोंड दिलंय. ते रागावून जिना उतरले.

आणि एक शब्द. पाटी रंगवणाऱ्यानं ब्रश उचलून विचारलं, “शुद्ध शाकाहार मंडळ टाकू ना मॅडम?” हॉटेलांवर तसंच असतं, त्याची चूक नव्हती. मी म्हटलं, शुद्ध नको, नुसतं शाकाहार टाक. आमचे उपाध्यक्ष गुरुजी, निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचे, अक्षर मोत्यासारखं, त्यांना पाटी पाहून फार वाईट वाटलं. शुद्ध का गाळलं म्हणून त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. मी सांगितलं. माझी आजी या भागातल्या एका पाटलाकडं शेतात राबायची. तहान लागली की विहिरीपासून लांब ओंजळ धरून उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतेपर्यंत. ओतणारे स्वतःला शुद्ध म्हणवायचे. मला त्या शब्दाची चीड येते, गुरुजी, मी तो माझ्या हातानं लिहिणार नाही. गुरुजी म्हणाले, “पुढं पाहू.” पाटी तशीच राहिली.

हे सगळं सांगितलं ते अशासाठी की येसूबाईच्या मिसलीत मी जे केलं, ते का केलं, हे तुम्हाला समजावं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपार, तोच उन्हाचा पट्टा, तेच तंतू. मी रजिस्टरवर हनुवटी टेकवून बसले होते. आधी वास आला. नदीचा, ओल्या जाळ्याचा. झोपेत मला वाटलं, मी लहान आहे आणि पैनगंगेच्या वाळूत पाय खुपसून बसले आहे. डोळे उघडले तर दारात एक म्हातारी उभी. बारीक, काळीसावळी, नऊवारीचा काष्टा, हातावर गोंदण. तिच्या डोक्याभोवती कापसाचे तंतू फिरत होते आणि क्षणभर मला ती आत आली आहे की स्वप्नातच उभी आहे, हे कळेना.

“इथं कागद भेटते काय वं बाई?”

“कसला कागद?”

“मी मास-मासोयी खात नाई, असा.”

मी तिला खुर्ची दिली. ती खाली, दाराजवळच बसली. नाव येसूबाई. बेल्याकडची, नदीकाठच्या गावातली. भोयाची बाई. टोपली खाली दुकानाच्या पायरीवर ठेवून आली होती. मी अर्ज काढला, नाव, गाव, वय लिहिलं. ‘व्यवसाय’ या रकान्याशी आले आणि विचारलं.

“मासोया इकते.”

माझं पेन थांबलं.

“लिव ना,” ती म्हणाली. “काऊन थांबली?”

“विकता आणि खात नाही?”

“माहा माणूस पुरात गेला. गंगाराम तवा पाळन्यात होता. लय धुंडलं, भेटलाच नाई तो. मंग मासोयी ताटात आली का मले वाटे... मून सोडलं. मासोयी सोडली, मंग मटन बी सोडलं. पन इकल्याबिगर पोट कसं भरन? इकते.”

एवढ्या वर्षांत कोणाला कागद लागला नव्हता, मग आताच का, ते मी विचारलं. तेव्हा तिनं बहिणीचं सांगितलं. तिची धाकटी बहीण माळकरीण, तीही मांसमासळी न खाणारी. तिला लकवा झाला, वाचा गेली. कोणीतरी सांगितलं, कबुतराचा रस्सा पाजा, अंग मोकळं होतं. आमच्या भागात लकव्यावर हे औषध सगळे सांगतात.

“रोज पाजला. तिच्या डोयातून पानी गये. पोरी म्हने, पाय व मावशी, आराम पडून राह्यला, डोये वले होऊन राह्यले. मले समजे ते कायले रडते. मी बोलली. म्हने, मावशी, दवाले कायचं सोवयं? दवा मून देऊन राह्यलो, जेवन मून थोडी?” येसूबाईनं पदरानं तोंड पुसलं. “तिनं तसाच जीव सोडला. आता मले तसं झालं त कोन सांगन? सून चांगली हाय, पन ते बी दवाच म्हनन. माह्या गंगारामाले माह्या बोलन्याचा भेव नाई, शिक्क्याचा हाय. शिक्का पायला का पोरगा उभा राह्यते. मून शिक्क्याचा कागद पायजे. अन त्यात लिवजो बाई, दवा मून बी नको.”

बघा, एवढ्या लोकांना मी ओळखपत्रं दिली. कोणाला भिंतीवर लावायला पाहिजे होतं, कोणाला व्हॉट्सॅपवर टाकायला. ओळखपत्र कशासाठी असतं, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा कोणी सांगितलं. अर्जात असा रकाना नव्हता. मी शेऱ्यात लिहिलं, ‘औषध म्हणूनसुद्धा नको’. मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं आणि मग अंगठा दिला, कनवटीला ठेवलेला फोटोही काढून दिला, तो मी अर्जाला लावला.

आता इथं माझी चूक. शिक्का माझ्याच टेबलाच्या खणात होता. नामदेवभाऊंनी सही केलेली कोरी ओळखपत्रं त्याच खणात होती. दुसऱ्या कोणाला मी तिथल्या तिथं देऊन मोकळी झाले असते, दिलीही होती. पण व्यवसायाचा तो रकाना माझ्याकडे बघत होता. मनात आलं, उद्या गुरुजी म्हणतील, वाघमारे मॅडमनी आपल्या बाजूची माणसं नियम मोडून घुसवली. शुद्ध शब्द गाळला आणि आता मासेवालीला घेतलं. पक्की करूनच काढावी मिसल, कोणी बोट दाखवू नये, असं मला वाटलं. मी अर्जावर शेरा मारला, ‘कार्यकारिणीपुढे ठेवावे’. आणि येसूबाईला सांगितलं, सभेनंतर या.

“बरं,” ती म्हणाली.

सभा वेचणीमुळे दोनदा पुढं गेली. माणसं शेतातून हलेनात. झाली तेव्हा पाच जण आले. मी अर्ज वाचला. गुरुजींनी चष्मा काढला.

“मासे विकणारी बाई, आणि शाकाहार मंडळाची सभासद? मॅडम, लोक तोंडात शेण घालतील आपल्या.”

“गुरुजी,” नामदेवभाऊ म्हणाले, “मी कापसावर फवारा मारतो. एका फवाऱ्यात किती जीव मरतात, त्याची नोंद हाय काय मॅडमजवळ? मंग माहं बी नाव काटा.”

“तसं नाही भाऊ. नियम पाहिजे. धंदा आणि घर, दोन्ही शुद्ध असेल तरच सभासद. नाही तर पाटीला अर्थ काय?”

मी बोलायला पाहिजे होतं. माझ्या जिभेवर होतं. पण चिटणिसानं सभेत बाजू घ्यायची नसते, असं मी स्वतःला सांगितलं आणि इतिवृत्तात लिहिलं, ‘चर्चा झाली. निर्णय पुढील सभेत.’ हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा लिहिलंय की ते आपोआप हातातून उतरतं. एका एका ओळीमागं कोणाचं काय अडलं असेल, ते तेव्हा कधी मनात आलं नाही. आता येतं, आणि आलं की बरं वाटत नाही.

येसूबाई आणखी दोनदा आली. पहिल्यांदा नुसतं “झाला काय वं कागद?” म्हणून विचारलं. पुढच्या सभेत, मी म्हणाले. दुसऱ्यांदा येताना तिनं हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून आणली होती, फडक्यात बांधून. मी म्हटलं, अहो, कशाला? “तू बी माह्यासारखीच ना,” ती म्हणाली. “मासोयीच्या घरात राह्यतं अन भाजी खातं.” माझ्या यजमानांचं तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. आम्ही दोघी हसलो. उन्हाचा पट्टा तिच्या पायांवर होता, पायांना वाळू चिकटलेली होती. तेवढी दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते, आणि तेव्हासुद्धा मी खण उघडला नाही.

मग ती यायची थांबली. बाजारादिवशी मी खिडकीतून बघायची. दुपारी डोळा लागला की जिन्यावर अनवाणी पायांचा आवाज यायचा, नदीचा वासही यायचा, आणि डोळे उघडले की खोलीत नुसते तंतू. एकदा तर मी झोपेतच “या बसा” म्हणाले. समोर गुरुजी बसले होते. ते म्हणाले, “मी केव्हाचा बसलोय, मॅडम.”

त्याच दुपारी नामदेवभाऊ जिना चढून आले. बसले नाहीत.

“मॅडम, ते बेल्याकडची मासोयीवाली बुढी... लकवा पडला तिले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात होती, सलाईन लावलं, आता घरी आनली. बाजारात गंगाराम भेटला. आनखी कबुतरं धुंडून राह्यला होता.”

मी खण उघडला तो इतक्या जोरात की तो बाहेरच आला आणि कार्डं सतरंजीवर पसरली. मी खाली बसून एक उचललं, नाव लिहायला लागले, पण अक्षर उमटेना. गुरुजींनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. मला वाटलं, आता हे ठराव विचारणार. त्यांनी टेबलावरची मिसल ओढली, येसूबाईचा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, शेऱ्याशी थांबले. सभेत मी वाचला होता, पण तेव्हा ते व्यवसायापाशीच अडकले होते. मग त्यांनी अर्जावरचा फोटो कार्डाला चिकटवला, आपल्या त्या अक्षरात नाव लिहिलं आणि खाली मोठ्या अक्षरात ‘औषध म्हणूनसुद्धा नको’, आणि त्याखाली तेच तेलुगूतून, म्हणजे दवाखान्यातही चालेल. शिक्का त्यांनीच मारला. दोनदा मारला.

“सभासद आहे की नाही ते नंतर पाहू,” म्हणाले. “आधी हे नेऊन द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी बेल्याला गेले, तिथून ऑटोनं नदीकाठी. धुकं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस, थोडा वेचलेला, थोडा राहिलेला, आणि धुकं कुठं संपतं नि कापूस कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. पलीकडे महाराष्ट्र आहे म्हणतात, तो दिसत नव्हता. बैलगाडी समोरून आली, आधी घुंगरांचा आवाज, मग नुसती बैलांची तोंडं. मी पर्स छातीशी धरून बसले होते आणि मनात एकच गोष्ट घोकत होते की अजून वेळ गेलेली नसू दे.

येसूबाईचं घर गावाच्या टोकाला. अंगणात बाज, बाजेवर ती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात गोधडीवर ठेवून दिलेला. सून, सुमन, उशाशी वाटी घेऊन बसली होती. तिचे डोळे जागरणानं लाल झाले होते. गंगाराम चुलीजवळ उभा. मी कोण ते सांगितलं. येसूबाईच्या डोळ्यांनी मला ओळखलं, तेवढं मला कळलं.

“काय देऊन राह्यली?” मी सुमनला विचारलं.

“दवा हाय बाई, कबुतराचा रस्सा.” ती रडायलाच लागली. “पन पोटात जातच नाई. तीन दिवस झाले, दातखीयच बसली. चमचा आत जात नाई. डाक्टर म्हने, असंच राह्यलं त नाकातून नयी घालावं लागन. उपाशी मरून राह्यली व माय माही.”

मी येसूबाईकडे पाहिलं. जबडा घट्ट होता, गालाचं हाड वर आलेलं. रस्सा ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळून वाळला होता.

“पाणी घेते का?”

“घेते ना. पानी चमच्यानं घेते.”

“पाण्याला दातखीळ बसत नाही?”

मी पर्समधून कार्ड काढलं. गंगारामानं शिक्का पाहिला आणि खरंच, पाठ सरळ करून उभा राहिला. वाचायला त्यानं ते सुमनकडे दिलं. सुमन सातवी शिकलेली. तिनं आधी फोटो पाहिला, मग सासूचं नाव वाचलं, मग ती मोठी ओळ एक एक अक्षर जोडत वाचली. वाचून झाल्यावर पुन्हा वाचली.

“हे कोनी लिवलं?”

“त्यांनीच लिहायला लावलं. मला म्हणाल्या, मला लकवा झाला तर कोण सांगणार?” आणि मग मी तेही सांगितलं, कारण ते न सांगता मला तिथं उभं राहता येत नव्हतं. “दीड महिन्यापूर्वी. हा कागद तेव्हाच तुमच्या घरी यायला पाहिजे होता. माझ्यामुळं राहिला.”

सुमननं माझं ऐकलं की नाही, माहीत नाही. तिनं वाटी खाली ठेवली आणि सासूच्या तोंडाशी वाकली.

“आत्याबाई, तुमी मून दात लावले व? मी दवा समजून... मले वाटलं बिमारीनं बसले.”

येसूबाईनं डोळे मिटले आणि उघडले.

गंगारामानं रश्शाचं पातेलं उचललं आणि नदीकडे निघून गेला. सुमननं चुलीवरच्या तुरीच्या डाळीचं वरचं पाणी दुसऱ्या वाटीत काढलं, नवी वाटी, नवा चमचा, फुंकर घालून निववलं. बाजेशी आली. चमचा ओठांपाशी नेला आणि तिथंच थांबली.

“वरन हाय, आत्याबाई. नुसतं वरन. पाहा.”

तिनं चमचा येसूबाईच्या नाकाजवळ नेला, मग डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ काही झालं नाही. मग ती तीन दिवसांची बसलेली दातखीळ सुटली. वाकडं झालेलं तोंड, पण चांगलं मोठं उघडलं. सुमन भरवत होती आणि तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. मी माझ्या पदरानं पुसलं. वाटी संपली तरी येसूबाईनं तोंड उघडंच ठेवलं होतं.

“अजून आण,” मी सुमनला म्हणाले.